वळून बघितलेली जागा

त्या दिवशी बाबांनी चालता चालता मागे वळून बघितलं. घडलं ते एवढंच. बागेतला लांब सरळ रस्ता, सकाळचं कोवळं ऊन. बाबा माझ्याकडे तोंड करून उलटे चालत होते, कोपरं अंगाशी, हात पोटाजवळ, बोटं एकमेकांवर हळूहळू घासत, जणू कमरेला अजून दोर वळायचा वाख गुंडाळलेला आहे आणि तो चिमटीतून सुटतो आहे. मी त्यांच्या समोर, नेहमीच्या अंतरावर. त्यांच्या पाठीमागे काय आहे ते बघून सांगायचं, हे माझं काम. "मोकळं आहे," मी म्हटलं. ते थोडं गेले आणि त्यांनी मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, किंचित हसले आणि चालत राहिले. मी काही विचारलं नाही. मी पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात संपादनाचं काम करते, आणि त्या सकाळी चौथीच्या भूगोलातला एक नकाशा माझ्या डोक्यात होता. त्यातली नदी डोंगराकडे चढत गेली होती आणि पुस्तक छापायला जाईपर्यंत हे कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. रस्ता जिथे संपतो तिथल्या बाकांपाशी माझा फोन वाजला. मी बोलत बोलत पुढे निघाले, बाबा मागून आले. फाटकापाशी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय मास्तरीणबाई, मजा आली का?" मी नेहमीसारखं म्हटलं, "चला हो बाबा, उशीर होतोय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगाच्या कडेला बसले होते. एक बूट पायात, दुसरा मांडीवर, त्याची नाडी अर्धी ओवलेली. मी दारातूनच "आटपलं का?" म्हटलं आणि उत्तर आलं नाही म्हणून आत गेले. हृदय बंद पडलं, त्यांना कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेले सगळे म्हणाले की असं जाणं नशिबात असावं लागतं, हिंडताफिरता, कोणाला त्रास न देता. मी मान हलवत होते, चहा पुढे करत होते, कोण साखरेचा आणि कोण बिनसाखरेचा हे बरोबर लक्षात ठेवत होते. आणि या सगळ्याच्या खाली, घरात कुठेतरी नळ ठिबकत असावा तसा एकच प्रश्न चालू होता. त्यांनी वळून का बघितलं?

बाबांनी आयुष्यभर पगार घेतला तोच मुळी वळून न बघण्याचा. ते दोरखंडाच्या कारखान्यात सूत काढत. कारखाना म्हणजे एक अरुंद, न संपणारी पडवी. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसे. या टोकाला मोठं लाकडी चाक, त्याला लोखंडी आकडे. वाखाची जुडी कमरेभोवती गुंडाळायची, तिचं टोक आकड्यात अडकवायचं, आणि चाक फिरू लागलं की चिमटीतून वाख सोडत, पीळ घेत मागे मागे चालत जायचं. समोर सूत लांबत जातं, चाक लहान होत जातं. पाठीमागे काय आहे ते बघायचं नाही. बघायला मान वळली की चिमूट ढिली पडते, वाख जास्त सुटतो आणि सुतात त्या जागी जाड गाठोळी येते. मग अशी कितीतरी सुतं मिळून पेड होतो, पेड मिळून दोर होतो, तरी ती जागा लपत नाही. त्यांचा मुकादम तयार दोरावरून डोळे मिटून हात फिरवायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "इथं कोणीतरी वळून बघितलंय." लहानपणी मला हे जादूचं वाटे. डबा घेऊन गेले की मी तिथल्या दोराच्या जुन्या तुकड्यांवरून डोळे मिटून हात फिरवी आणि ओरडे, "बाबा, इथं बघितलंय!" आणि ते म्हणत, "मी नाही हो, तो दुसरा कोणीतरी."

मागचं सांगायला चाकावरचा माणूस असे. त्याचा एक नियम होता. "सांभाळ" असं ओरडायचं नाही. सांभाळ म्हटलं की माणूस घाबरतो, आणि घाबरला की वळतो. काय आहे तेवढंच सांगायचं. बादली, उजवीकडे. कुत्रं, मधोमध, झोपलंय. पुढचं ज्याचं तो बघेल. डबा देऊन झाला की मला कधी कधी चाकापाशी उभं करत, आणि मी माझ्या किनऱ्या आवाजात सांगे, "बाबा, मांजर! डावीकडे! आता बसलं!" ते न वळता पाऊल थोडं उजवीकडे टाकत. माझ्या शब्दावर एवढा मोठा माणूस पाय उचलतो आहे, याने माझी छाती भरून येई. पडवीला डांबराचा, तेलाचा, कोरड्या गवताचा वास. जमिनीत टाचांनी पडलेला गुळगुळीत चर. सुट्टी झाल्यावर ते मला खांद्यावर घेत आणि विचारत, "मजा आली का?" तेव्हा मी काय म्हणे, आठवत नाही. बहुधा विचारायची गरजच नसे.

ते निवृत्त झाले आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचे गुडघे धरले. जिना उतरताना कठड्याला लोंबकळल्यासारखे उतरत. गुडघ्याचा व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिने त्यांना पायाला पट्ट्या बांधायला दिल्या, त्यांनी गुपचूप बांधल्या, आणि एक दिवस तिला म्हणाले, "बाई, मला सरळ चालायला लावू नका, उलटं चालू द्या. तिकडं दुखत नाही." तिने हसून करून बघितलं आणि मग गंभीरपणे म्हणाली, खरंच चालेल, पण पाठीमागे बघायला कोणीतरी पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे मी. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं थांबून बघत होती, एक पोर आईच्या मागे लपलं. बाबा मोठ्याने म्हणाले, "भिऊ नको रे, भुताचे पाय उलटे असतात, माझी फक्त चाल उलटी आहे." मी पुटपुटले, "बाबा, हळू." पण त्यांची पाठ ताठ झाली होती. घरात पोक काढून बसणारा माणूस त्या रस्त्यावर खांदे मागे टाकून, टाच आधी मग चवडा असा, कसा सहज सरकत होता. काही महिन्यांत जिना ते कठडा न धरता उतरू लागले.

मी मात्र मास्तरीण होते. हे नाव त्यांनीच ठेवलं. मीठ कमी घ्या. उन्हात टोपी घाला. दमट हवा आहे, आज नको. उपाशीपोटी आंबट नको, पित्त होतं. मी वाचणारी बाई, वयाविषयीची जाडजूड पुस्तकं वाचून त्यांच्यासमोर निष्कर्ष ठेवत असे. ते ऐकून घेत. मग त्यांचं त्यांचं चाले. उठल्यावर मांडीवर सुतळीचा तुकडा वळायचे, बोटं आखडू नयेत म्हणून. उकडलेल्या अंड्याचं टरफल एका पट्टीत निघालं तर मला हाक मारून दाखवायचे. जेवताना एकेक घास इतका चावायचे की माझं ताट धुऊन व्हायचं. अंघोळीनंतर कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय ठेवून खिडकीशी बसायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना आवडत नसे. "तब्येतीसाठी का?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तब्येतीसाठी कोण एवढं करतं? बरं वाटतं म्हणून." मला ते पळवाटेसारखं वाटलं होतं. त्यांनी निरोगी राहावं म्हणून माझा आटापिटा चालला होता, आणि ते निरोगी राहत होते ते भलत्याच कारणासाठी.

ते गेल्यानंतर त्यांचा कोट मी झटकून पेटीत ठेवला. खिशातून संत्र्याच्या सालीचे वाळून कडक झालेले तुकडे पडले. मी ते केरात टाकले. बाबांचे खिसे कायम असेच असत, खिळे, दोऱ्या, काय काय.

मग मी बागेत जाणं बंद केलं. ठरवून नाही. सकाळी जाग त्याच वेळेला येई, मी अंथरुणावर पडून छताकडे बघत राही, आणि कार्यालयाची वेळ होई. जेवण म्हणजे उभ्या उभ्या पाव आणि चहा. साठी जवळ आलेल्या बाईचं शरीर अशा गोष्टी फार दिवस चालवून घेत नाही. एके दिवशी कार्यालयाचा जिना उतरताना उजव्या गुडघ्यात काच खुपावी तशी कळ आली आणि मी कठडा धरला. धरलेला हात बघून थबकले. बोटांची ठेवण अगदी त्यांची. डॉक्टरांनी तपासलं, रक्तातल्या साखरेबद्दल दोन गोष्टी सुनावल्या आणि म्हणाले, "चालत नाही का तुम्ही?" मी म्हटलं, चालायचे. "मग थांबलात का?" संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो दूर राहतो, आणि दूर राहणाऱ्यांना असते तशी त्याला काळजीची घाई असते. "ताई, आता आराम कर जरा. किती केलंस बाबांचं." मी म्हटलं, "मी उद्यापासून चालणार आहे. उलटी." तो म्हणाला, "तुला वेड लागलंय का? बाबांची गोष्ट वेगळी, त्यांचा जन्म गेला त्यात. पडशील. हाड मोडलं म्हणजे? कोण आहे तिकडं तुझ्याकडे बघायला?" त्याने ते प्रेमानेच विचारलं होतं. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य खोलीतच राहिलं. कोण आहे? मी स्वयंपाकघरात गेले, अंडं उकडलं, खुर्चीवर बसून ते खाल्लं. टरफलाचे शंभर तुकडे झाले. उद्या पुन्हा बघू, असं मी स्वतःशी म्हटलं, आणि बऱ्याच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या मनात उद्या हा शब्द आला, हे जाणवलं.

बाग तशीच होती. रस्त्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर कंडक्टरबाई बसल्या होत्या. त्यांचं खरं नाव मला ठाऊक नाही. त्यांनी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली आणि आता रोज सकाळी येऊन या बाकावर बसतात. बाबांशी त्या मोठमोठ्याने गप्पा मारत, माझ्याशी मानेनेच. मला बघून त्यांनी पिशवी बाजूला घेतली. "आलात? मला वाटलं बागच टाकली तुम्ही." मी बसले. त्यांनी बाबांविषयी काही विचारलं नाही, त्याबद्दल मनातून त्यांचे आभार मानले. दुसऱ्याला काय करावं हे सांगत जगलेल्या माणसाला कोणाकडे काही मागायचं तर आधी घसा साफ करावा लागतो. "मला उलटं चालायचंय," मी म्हटलं. "माझ्या मागं बघायला कोणीतरी पाहिजे. तुम्ही समोरून चालाल का माझ्या?"

"चालू? मी?" त्या हसल्या. "अहो, अख्खा जन्म उभ्याने काढला मी, तोही हलत्या जमिनीवर. आता जी बसलेय ती बसलेय. डॉक्टरच्या बापालाही उठवता आलं नाही मला."

"बरं," मी उठू लागले.

"लगेच रागावल्या! दोरवाल्यांची मुलगी शोभता. बसून सांगते की. माझा आवाज भरल्या गाडीतनं ड्रायव्हरपर्यंत जायचा, या रस्त्याच्या टोकापर्यंत जाणार नाही? तुम्ही इथनं सुरुवात करा, माझ्याकडं तोंड करून. मला तुमच्या मागचं सगळं दिसतंय."

मी त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागचा रस्ता एकदम खोल झाला. मानेच्या मागे, जिथे केस सुरू होतात तिथे, गार काहीतरी सरकलं. पहिलं पाऊल मागे टाकलं आणि जमीन अपेक्षेपेक्षा आधी लागली. दुसरं. तिसऱ्याला अंग आपोआप मागे वळू पाहत होतं, डोळे कोपऱ्यात ओढले जात होते. "सांभाळा!" कंडक्टरबाई ओरडल्या. मी दचकून थांबले, जवळजवळ पडलेच. "सांभाळा म्हणू नका हो," मी ओरडून म्हटलं, "काय आहे ते सांगा नुसतं!"

"अरे वा, ऑर्डर सोडतायत! पानं आहेत, ओली! डावीकडं!"

मी उजवीकडे झाले. "हां, आता जाऊ द्या!" त्यांनी ओरडून सांगितलं आणि बाकावर दोनदा थाप मारली, बस सोडताना पत्र्यावर मारावी तशी. मी निघाले. टाच नव्हे, आधी चवडा, मग टाच. हे मी कायम चुकीचं धरून चालले होते, मी बाबांना समोरून बघितलं होतं ना, आरशातल्यासारखं. मागे जाताना चवडा आधी टेकतो. इतकी वर्षं रोज समोर बघत होते आणि उलट ध्यानात ठेवलं होतं. गुडघा दुखत नव्हता. पोटऱ्यांत ऊब चढत होती, पाठ आपोआप सरळ होत होती. "मूल, सायकलवर, लांब आहे! आता उजवीकडं! गेलं!" मी एका परक्या बाईच्या शब्दावर पाय उचलत होते. समोर बाक लहान होत चाललं होतं, चाकासारखं. मी चाललेली प्रत्येक वीतभर जागा माझ्या समोर पडत होती, नजरेसमोर लांबत होती: झाड, नळ, फरशीची तुटकी कड. बाबांना हे सगळं रोज दिसायचं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, त्याच्या पुढ्यात, मी. कपाळाला आठी, हातात फोन. मला एकाएकी ते चित्र इतकं स्वच्छ दिसलं की डोळ्यांना पाणी आलं. पण पाऊल थांबवलं नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

टोकाला पोहोचून सरळ चालत परत आले, धापा टाकत, घामेजलेली. बाकावर बसले आणि इतके दिवस कोणाला न विचारलेलं बोलून गेले. "शेवटच्या दिवशी बाबांनी मागं वळून बघितलं होतं. याच रस्त्यावर, इथं पोहोचता पोहोचता. ते कधी बघत नसत. मी मोकळं आहे म्हणून सांगितलं होतं, तरी." माझ्यावर विश्वास नव्हता का, काही चाहूल लागली होती का, माझ्या पाठ असलेल्या पुस्तकांत यावर जे जे लिहिलेलं असू शकतं ते सगळं मी रात्रंदिवस उलटून पाहिलं होतं.

कंडक्टरबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. "अहो, मीच तर हाक मारली होती. 'दोरवाले, आजचं गोड निघालंय,' म्हणून ओरडले. संत्रं असं वर धरलं होतं हातात. तुम्हाला ऐकू नाही आलं?" त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं. "रोज अर्धं त्यांचं, अर्धं माझं. तुम्ही फोनवर असायच्या नाहीतर पुढं निघालेल्या. मला म्हणायचे, पटकन द्या, मास्तरीण बघेल, उपाशीपोटी आंबट चालत नाही आम्हाला. साल इथं टाकायचे नाहीत, खिशात घालायचे. पुरावा नको म्हणे."

त्या दिवशी मी याच बाकाकडे तोंड करून चालत होते. बाबांची पाठ इकडे होती आणि माझे डोळे इकडे होते. मोकळं नव्हतं. तिथं संत्रं होतं. एक बाई हात वर करून ते नाचवत होती, ऊन त्याच्यावर पडलं असणार, आणि ते सांगायचं काम माझं होतं. मला वाटलं हुंदका येतोय. ते हसू होतं. आवरेना. कंडक्टरबाईही हसायला लागल्या, कशाला ते न कळता. ऐंशी ओलांडलेला माणूस, मुलीची नजर चुकवून, पडवीतला सगळ्यात मोठा नियम मोडून, संत्रं गोड निघालं म्हणून वळून बघतो. सुतात तेवढी जागा जाड झाली असेल. होऊ दे. डोळे मिटून हात फिरवला तर ती मला कुठेही सापडेल.

त्यांनी संत्रं सोललं. वास उडाला आणि नाकात चुणचुणलं. अर्धं माझ्यापुढे धरलं. "तुम्हाला चालतं ना? उपाशीपोटी?"

"चालतं," मी म्हटलं. एकेक फोड सावकाश खाल्ली, रस संपून नुसता चोथा राहीपर्यंत चावत. काही थोडी आंबट होती. साल मुठीत घेतली, कचऱ्याच्या डब्याकडे गेलेला हात परत आणला आणि ती खिशात घातली. "उद्या आहात ना?" मी विचारलं. "मी कुठं जातेय, बसलेय ती बसलेय," त्या म्हणाल्या. "उद्या संत्रं मी आणीन," मी म्हटलं, आणि निघाले.

फाटकापाशी पाय आपोआप मंदावले. इथे तो प्रश्न यायचा. मी थांबून तो येण्याइतका वेळ जाऊ दिला. रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या होत्या, कार्यालयाला उशीर होणार होता. बोटांना संत्र्याचा वास होता. दूधवाला सायकल हातात धरून फाटकातून आत येत होता, तो माझ्याकडे बघायला लागला, तरी मी आवाज खाली घेतला नाही.

"आली, बाबा. मजा आली. रोजच यायची."